भाड्याने देणे आहे

डिसेंबर २०२१ मध्ये मकरपुऱ्यातल्या, मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या आश्रमावर गुजरातच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, तेव्हा बडोद्यात जो तो या नाही तर त्या बाजूला जाऊन उभा राहिला. आश्रमातल्या मुलींच्या गळ्यात क्रॉस घालतात, त्यांना बायबल वाचायला लावतात, असा आरोप होता. संस्थेने तो नाकारला. त्याच महिन्यात, ऐन नाताळच्या दिवशी, संस्थेच्या परदेशी देणग्यांच्या परवान्याचं नूतनीकरण केंद्र सरकारने फेटाळलं आणि जानेवारीच्या सुरुवातीलाच परत दिलं. एक बाजू म्हणत होती, यांची सेवा म्हणजे निव्वळ आमिष. दुसरी बाजू शाळा, दवाखाने, कुष्ठधामं, अनाथाश्रम यांची यादी वाचून दाखवत होती आणि विचारत होती, तुम्ही काय केलंत?

ही दुसरी बाजू माझी. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले तेव्हापासून आम्ही बडोदेकर. घरातलं बायबल मराठी, रविवारची उपासना गुजराती, भांडण निघालं की हिंदी, असा आमचा कारभार. त्या सिस्टरांची बाजू घेताना मला तेव्हा संकोच वाटला नाही, आजही वाटत नाही. खटकतं ते यादी वाचण्याचं. धर्मावर आळ आला की आम्ही ख्रिस्ती लोक लगेच हिशेबाची वही उघडतो: इतक्या शाळा, इतक्या खाटा, इतकी वर्षं. सेवेचा हिशेब मांडता येतो म्हणून आम्ही सेवेबद्दल भरभरून बोलतो. आपल्या घरात, आपल्या जेवणात, आपल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कोणाला घेतलं आणि कोणाला नाही, हा हिशेब कोणी मागत नाही. आम्हीही काढत नाही. माझं म्हणणं असं की ख्रिस्ती श्रद्धेची खरी परीक्षा तिथे होते, आणि त्या परीक्षेत आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारसे बरे ठरलेलो नाही.

हे मनाला येईल ते बोलतोय असं वाटू नये म्हणून शास्त्राचाच आधार घेतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं वर्णन आहे. राजा समोर उभ्या असलेल्यांना पंथ विचारत नाही, पाठांतर विचारत नाही. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट, या सहा गोष्टी केल्या की नाही एवढंच बघतो. सेवेवरच्या प्रत्येक उपदेशात हा उतारा येतो. संडे स्कूलच्या पोरांनाही तो पाठ असतो. आता या सहांकडे जरा व्यवहारी नजरेनं पाहा. अन्नाला अन्नछत्र काढता येतं, पाण्याला पाणपोई. कपड्यांची गाठोडी बांधून वाटता येतात. आजाऱ्यांसाठी इस्पितळ आहे, कैद्यांसाठी तुरुंगसेवा करणारी मंडळं आहेत. पावती फाडली की या पाच गोष्टी आपल्या वतीने दुसरं कोणी करू शकतं. ‘परका होतो तेव्हा मला घरात घेतले’ याचं मात्र कंत्राट देता येत नाही. घर आपलं, उंबरा आपला, शेजारी आपले आणि सोसायटीचा सेक्रेटरीही आपलाच.

आणि या एका गोष्टीत बडोद्याचा इतिहास आमच्या बाजूने साक्ष देत नाही.

सप्टेंबर १९१७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला आले. त्यांना कोलंबियाला पाठवणारी शिष्यवृत्ती सयाजीराव महाराजांची, नोकरीही त्यांच्याच दरबारची. हा राजा काळाच्या पुष्कळ पुढे होता. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्याने १८८० च्या दशकातच सरकारी शाळा काढल्या होत्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. शाळा, शिष्यवृत्ती, हुद्दा, राजाला हुकुमाने देता येण्यासारखं सगळं त्या तरुणाला मिळालं. राहायला खोली मिळाली नाही.

पुढची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हिंदू खाणावळी बंद, म्हणून ते पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहाच्या माडीवर राहिले. वर दुसरं कोणी नाही, उजेड जेमतेम, अडगळ पडलेली. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणून दरडावून गेले. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील.

उरला ख्रिस्ती मित्र. हा ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेला. त्याने पूर्वी एकदा आपण होऊन बाबासाहेबांना घरी राहायला बोलावलं होतं. तेव्हा त्यांनी नको म्हटलं होतं. आता गरज पडल्यावर विचारलं, तर उत्तर आलं: उद्या बायको बडोद्याला येतेय, तिला विचारून सांगावं लागेल. हे उत्तर किती धोरणी होतं ते बाबासाहेबांना नंतर कळलं. नवऱ्याचे विचार उदार झाले होते, बायको जुन्या वळणाचीच राहिली होती, ती अस्पृश्याला घरात राहू देणं शक्य नव्हतं. रात्री ९ ची मुंबईची गाडी होती. तोवरचे जवळपास पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. आज आपण त्या बागेला सयाजीबाग म्हणतो आणि रविवारी पोरांना तिथे फिरायला नेतो. त्या दिवसाची आठवण जपणारी तिथलीच संकल्पभूमी बघायला देशभरातून माणसं येतात.

या प्रसंगात हिंदू आहेत, पारशी आहेत, पण मला झोंबतो तो आमचा माणूस. कारण बाकीच्यांच्या शास्त्रीबुवांनी त्यांना निदान दार बंद ठेवायलाच शिकवलं होतं. आमच्या माणसाकडे तो २५वा अध्याय होता, बहुधा पाठही असेल. आणि तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर लेख लिहायची गरज नव्हती. तो सुशिक्षित, सुधारक, मित्राला घरी बोलावणारा सज्जन होता. बोलावणं खरं होतं, फक्त ते गरज नसतानाचं होतं. दया फुकट असते तोवर ती आपल्या सगळ्यांकडे भरपूर असते.

या हकिकतीत एक गोष्ट मला नेहमी टोचते. नकार बायकोच्या नावावर गेला, आणि ती त्या दिवशी गावातही नव्हती. ती सोवळं पाळणारी होती हे खरं असेल. पण तिला प्रश्न विचारला गेला का? नवऱ्याने तिच्या वतीने उत्तर देऊन टाकलं आणि आपला उदारपणा शाबूत ठेवला. तिची अडचण मला परकी वाटत नाही, कारण आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घराण्यांत तशा पुष्कळ आज्या झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. बाई हादरल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी आपलं सोवळं आणि आपली चूल सांभाळून होत्या. मग जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, असा विचार त्यांचा त्यांनीच केला आणि कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी, नंतर बाप्तिस्म्याचं. आमच्याकडे बहुतेकांचा क्रम उलटा लागला आणि पुष्कळांचं पहिलं पाणी राहूनच गेलं.

‘बायकोला विचारून सांगतो’ला आता ‘सोसायटीला विचारून सांगतो’ म्हणतात.

दाहोदकडची एक भिल्ल मुलगी, नर्सिंग करून इथल्या एका खाजगी दवाखान्यात लागलेली, खोली शोधत होती. ख्रिस्ती, नियमित उपासनेला येणारी, आवाज गोड. फतेगंजच्या बाजूला आमच्यातल्याच तीन घरांत रिकामी जागा होती. मी बरोबर गेलो होतो म्हणून ऐकायला मिळालं. पहिल्या घरी चहा झाला, बिस्किटं झाली, गाव कुठलं विचारून झालं, आणि मालकीणबाई मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, “भाऊ, मुलगी चांगली आहे हो, पण यांचे गावाकडचे लोक येऊन राहतात.” दुसऱ्या घरी अकरा महिन्यांचा करार एकाएकी ‘कुटुंबालाच द्यायचा’ झाला. तिसरीकडे फोनवर जागा होती, जिना चढेपर्यंत भाचा येणार होता. तिन्ही घरांच्या दिवाणखान्यात लावलेला तोच फोटो, येशू दारावर टकटक करतोय आणि दाराला बाहेरून कडी नाही. शेवटी तिला कारेलीबागेत एका गुजराती विधवा बाईंकडे जागा मिळाली. बाई रोज हवेलीत, म्हणजे वैष्णव मंदिरात, दर्शनाला जाणाऱ्या. त्यांनी एवढंच बजावलं: “घरमां ईंडुं नहीं, बाकी तुं जाणे ने तारो भगवान जाणे.” घरात अंडं नको, एवढीच अट.

यावर आमच्याकडचे लोक म्हणतील, आम्हालाही कुठे घरं मिळतात? खरं आहे. दलाल आडनाव ऐकतो, मग ‘नॉनव्हेज?’ विचारतो, आणि त्या एका प्रश्नात जात, धर्म, चूल सगळं उरकतो. या शहरात ख्रिस्ती माणसाने जागेसाठी पायपीट केलेली आहे, मुसलमानाने तर त्याच्या कितीतरी पट. जून २०२४ मध्ये हरणी भागातल्या सरकारी गृहयोजनेची बातमी देशभर गाजली. एका मुसलमान बाईला २०१७ मध्ये रीतसर फ्लॅट मिळालेला, आणि तिने तिथे राहू नये म्हणून काही रहिवाशांची निवेदनं, निदर्शनं चाललेली. आपल्यावर झालेला अन्याय ओळखणाऱ्याला दुसऱ्यावरचा लगेच ओळखू यावा, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. नाकारला गेलेला माणूस पुष्कळदा नाकारण्याची रीत शिकून परततो. हरणीच्या बाईंसाठी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रार्थना झाली नाही. त्याच रविवारी पावसासाठी झाली.

जातीचा विषय निघाला की आमचा दुटप्पीपणा आणखी उघडा पडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. हा अन्याय आहे असं मलाही वाटतं, आणि २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगानेही हा दर्जा धर्माशी बांधू नये असं म्हटलं होतं. पण बघा, आमचे पुढारी दिल्लीत सांगतात की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, आणि आमचे पाळक रविवारी सांगतात की ख्रिस्तात जात उरत नाही. दोन्ही विधानं एकाच मंडळीत, एकाच आठवड्यात. दिल्लीतलं विधान खरं आहे. तमिळनाडूत त्रिचीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या थडग्यांसाठी मधे भिंत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्या लांब जायलाही नको. लग्नाच्या बोलणीत ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न इकडे चरोतरात, म्हणजे आणंद-खेड्याच्या भागात, कशासाठी विचारतात, तो नगरला कशासाठी विचारायचे, ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि सांगणाऱ्यालाही.

आता विरोधी मुद्दा. तो हलका नाही.

पहिला आक्षेप असा की मी संस्थांच्या कामाला कमी लेखतो. नाही. छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, गुजरातेत माणसं रस्त्यावर मरत होती, तेव्हा पंडिता रमाबाईंनी इथल्या मुली केडगावच्या मुक्ती सदनात नेल्या. संस्था नसती तर त्या मुलींचं काय झालं असतं? पण रमाबाई त्याच आवारात त्या मुलींबरोबर राहिल्या आणि तिथेच १९२२ मध्ये गेल्या. त्यांच्या संस्थेत संस्था आणि घर यांच्यामधली भिंत बारीक होती. ती जाड होत गेली ती नंतर, पगारपत्रकं आली, प्रकल्प आले, ‘लाभार्थी’ आले. आमच्या नाताळच्या ब्लँकेटवाटपाचंच घ्या. सयाजी हॉस्पिटलच्या बाहेर रुग्णांचे नातेवाईक थंडीत झोपतात. त्यांना ब्लँकेट मिळतं, ऊब खरीच मिळते. पण रांग लावली जाते, बॅनर धरला जातो, फोटो निघतो, आणि देणारा-घेणारा एकमेकांना नाव न विचारता पांगतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच बॅनर, नुसता साल बदललेला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: भीती. घरमालक हा काही जुलमी जमीनदार नसतो. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला वन बीएचके, त्याच्या भाड्यावर औषधपाणी. सोसायटीने पाणी तोडायची धमकी दिली तर? भाडेकरू निघालाच नाही तर? शहराच्या काही भागांत अशांत धारा लागू आहे. तिथे मालमत्ता हस्तांतरित करायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि हा कायदा लोकांच्या मनात कागदावर आहे त्यापेक्षा मोठा होऊन बसला आहे. त्यात आपण स्वतः अल्पसंख्य. ‘आधीच आपल्यावर डोळा आहे, त्यात ही आणखी भानगड कशाला,’ असं म्हणणाऱ्या काकांना मी भेकड म्हणणार नाही. तरी एक विचारतो. हीच भीती त्या हिंदू मित्रालाही होती ना? नोकर निघून जातील. ती भीतीही खोटी नव्हती. खऱ्या भीतीपोटीच १९१७ मध्ये सगळी दारं बंद झाली. त्या दिवशी शहरात राक्षस कोणीच नव्हता, काठ्या घेतलेले ते डझनभर सोडले तर.

तिसरा आक्षेप मला थोडा गमतीचा वाटतो: परक्याला घरात घेतलं तर त्यालाही आमिष म्हणतील. गुजरातच्या २००३ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि आमिषाच्या व्याख्येत चांगल्या राहणीमानाचं नि दैवी आशीर्वादाचं आश्वासनही आलं. व्याख्या इतकी ऐसपैस की सणाचा फराळ दिला तरी जपून. यावर माझा उपाय अगदी बनियाचा आहे. भाडं पूर्ण घ्या. डिपॉझिट घ्या, करार नोंदवा, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या, लाइटबिल वेगळं ठेवा. एक रुपया सूट देऊ नका. मग कसलं आमिष? आणि यात नुसती पळवाट नाही, मला खरंच हेच बरोबर वाटतं. ज्या मुलीचं मी सांगितलं तिला कुणाची दया नको होती. पगार होता, भाडं द्यायची तयारी होती. तिला इतरांना लागतात त्याच अटी हव्या होत्या. सवलतीच्या दरातली माणुसकी आमच्याकडे मुबलक आहे, बाजारभावाची नाही.

जेवणाचंही असंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि आमच्या भागात तळमजले बुडाले. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. आमच्या इमारतीत जे झालं त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. तळमजल्यावरची तीन कुटुंबं वर आली. त्यात मागच्या आउटहाउसमध्ये राहणारं, घरकाम करणाऱ्या बाईंचं कुटुंबही होतं. वीज गेलेली, गॅसचे दोन सिलेंडर, त्यावर सगळ्यांची खिचडी. पहिल्या दिवशी मिळेल त्या ताटलीत, मिळेल तिथे बसून सगळे जेवले. कांदा घातला म्हणून कोणी कुरकुरलं नाही. पाणी उतरणीला लागलं तशी कुणाला तरी आठवण झाली आणि एका घरातून कागदी डिशांचं पुडकं आलं. डिशा सगळ्यांना वाटल्या असत्या तर भांडी घासायचं पाणी वाचलं असतं. त्या फक्त त्या एका कुटुंबाला मिळाल्या. बाकीच्यांना स्टीलची ताटं. कोणी काही बोललं नाही, त्या बाई तर नाहीच. त्यांच्या धाकट्या पोराने मात्र विचारलं, “मने केम कागळ?” पुडकं आणणाऱ्या काकूंनी “तुझं हलकं आहे ना बेटा, पडलं तरी लागणार नाही,” असं म्हणून वेळ मारून नेली. काकू आमच्याच मंडळीच्या. दर महिन्याच्या प्रभुभोजनाला पहिल्या रांगेत असतात, जिथे एकच भाकर मोडून सगळ्यांना देतात.

याच्या उलट टोकाला असलेल्या एका माणसाची मला फार ओढ आहे. फादर कार्लोस वालेस, स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट. १९४९ मध्ये भारतात आले, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवलं, गुजराती इतकं आपलंसं केलं की गुजराती साहित्यातला मानाचा रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. पण मला त्यांचं लेखन तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. एका टप्प्यावर त्यांनी कॉलेजातलं पाद्र्यांचं निवासस्थान सोडलं आणि जुन्या अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे दाटीवाटीच्या गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, घरोघरी जाऊन विचारलं, मला काही दिवस राहू द्याल? एका घरी थोडे दिवस, मग पुढचं घर. जे रांधलं असेल ते खायचं, जिथे गादी टाकतील तिथे झोपायचं, सायकलने कॉलेजला जायचं. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. शाळा काढली नाही, ब्लँकेट वाटलं नाही. आपण परके आहोत आणि तुम्ही आम्हाला घरात घ्या, असं विनवणारा मिशनरी! देणाऱ्याच्या जागेवरून उठून ते घेणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले, आणि धर्मांतराचा संशय घेणाऱ्यालाही या माणसाचं काय करावं ते सुचेना. जो तुमच्या घरचं पाहुण्यासारखं मागून खातो त्याच्यावर आमिषाचा आरोप कसा करणार? पोळांतल्या वैष्णव, जैन घरांनी त्यांना ठेवून घेतलं, हे त्या घरांचंही मोठेपण. २०२० मध्ये माद्रिदला ते गेले तेव्हा गुजराती वाचकांनी घरचं माणूस गेल्यासारखा शोक केला.

आमचं पाऊल इथेच अडतं. आम्हाला देणं जमतं, घेणं जमत नाही. शेजारच्या मुसलमान घरची ईदची खीर दारात घेऊन ‘थँक्यू’ म्हणणं वेगळं आणि त्यांच्या घरात बसून जेवणं वेगळं. देताना आपण वरच्या पायरीवर असतो. घेताना समोरचा आपल्यासाठी काहीतरी करतो, आणि मग त्याला परका म्हणणं अवघड होतं.

म्हणून आमच्या मंडळीच्या कार्यकारिणीपुढे मी एक साधी सूचना लेखी दिली आहे. चर्चच्या नोटीस बोर्डावर लग्नाच्या, नोकरीच्या, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या लागतात, तिथेच जागांची एक यादी लावावी. ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची खोली किंवा फ्लॅट आहे त्यांनी पत्ता आणि भाडं लिहावं, आणि खाली सही करावी की जात, धर्म, गाव, आडनाव यांवरून नकार देणार नाही. मांसाहार नको असेल तर तसं लिहायला हरकत नाही. चूल आपली, नियम आपला, तो सगळ्यांना सारखा. भाडं बाजारभावाने, करार नोंदणीकृत. सोसायटी आडवी आली तर सेक्रेटरीकडे घरमालकाला एकट्याला जाऊ द्यायचं नाही, कार्यकारिणीतल्या दोघांनी बरोबर जायचं. खर्च शून्य, परदेशी देणगी शून्य, कुठल्या परवान्याचं नूतनीकरण नाही.

सूचनेवर चर्चा झाली. बहुतेकांना कल्पना आवडली. खजिनदारांनी विचारलं, यात मंडळीची कायदेशीर जबाबदारी किती? प्रश्न रास्त आहे, वकिलांचं मत मागवलंय. एका वडीलधाऱ्या बाईंनी सुचवलं की सही ऐच्छिक ठेवावी, फक्त जागांची यादी लावावी. मी याला तयार नाही. सहीशिवायची यादी म्हणजे दलालाची वही, आणि दलाल फतेगंजात पुष्कळ आहेत. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. तोवर सहीसह दोन जागा माझ्याकडे लिहून आल्या आहेत: एक निजामपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर, संडास-बाथरूम स्वतंत्र, दुसरी आमचीच.